प्रोबेशन, पत्ता आणि ओळखपत्र : एका ट्रान्सपुरुषाचं नोकरी-प्रकरण

या प्रकरणातली नावं, ठिकाणं आणि काही तारखा बदलल्या आहेत. ज्याचं हे प्रकरण, त्याला इथे तेजस म्हटलं आहे. त्याचं जन्माच्या वेळचं नाव दिलेलं नाही. ते कळल्याने प्रकरण जास्त समजेल असं नाही, आणि त्याची सगळी धडपड ते नाव मागे टाकण्याचीच होती. घटना २०२२ ते २०२४ मधल्या आहेत, कायदा आणि नियमही त्या वेळी होते तसेच मांडले आहेत. कुणी आज याच वाटेने निघणार असेल, तर त्याने आजचा नियम काय आहे ते आधी पाहून घ्यावं.

पार्श्वभूमी

तेजस तेव्हा सव्वीस वर्षांचा. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेला. जन्माच्या दाखल्यावर ‘स्त्री’. जून २०२१ पासून तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता. आवाज फुटला होता, मिशी आली होती. आईला सगळं माहीत होतं. आप्पांना माहीत नव्हतं, किंवा माहीत असूनही त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. घरात असं वर्षानुवर्षं चालू शकतं.

मार्च २०२२ मध्ये तो जिल्ह्याच्या शहरात आला आणि एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागला. सहा महिन्यांचं प्रोबेशन. मुलाखतीत त्याने लॅबच्या मालक डॉक्टरांना स्वतःबद्दल सांगून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, “रक्त नीट काढता येतं ना? मग झालं.” बिल्ल्यावर ‘तेजस’ छापलं गेलं. फाइलमध्ये मात्र दहावी-बारावीची गुणपत्रकं, डिप्लोमा आणि आधार सगळं जुन्या नावाचं राहिलं. तेव्हा याचं कुणालाच काही वाटलं नाही.

पहिले सहा महिने चांगले गेले. लहान मुलाची शीर सापडत नसली की तेजसलाच हाक जायची.

अडचण

सप्टेंबरमध्ये लॅबने एनएबीएल मान्यतेची, म्हणजे प्रयोगशाळेच्या दर्जाला मिळणाऱ्या राष्ट्रीय मान्यतेची, तयारी सुरू केली. तपासणीत कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाची आणि अनुभवाची कागदपत्रं पाहिली जातात, म्हणून प्रत्येकाची फाइल नव्याने लावायला घेतली. त्याच सुमाराला एक नवीन एचआर मॅडम आल्या. तेजसची फाइल टेबलावर आली आणि त्याचं जुनं नाव आठवड्याभरात सगळ्या मजल्यांवर पोहोचलं.

मग स्वच्छतागृहाचा विषय निघाला. पुरुषांच्या स्वच्छतागृहाबद्दल कुणीतरी तक्रार केली म्हणे. कुणी केली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेजसला तिसऱ्या मजल्यावरच्या स्टोअररूमशेजारचं संडास वापरायला सांगण्यात आलं. त्याची किल्ली रिसेप्शनवर, आणि ती रजिस्टरमध्ये सही करून न्यायची. रजिस्टरच्या रकान्यात त्याचं जुनं नाव आधीच लिहून ठेवलेलं असे. पेशंट समोर बसलेले असताना तो दिवसातून तीन-चारदा त्या नावापुढे सही करायचा. पुढे पुढे त्याने ड्युटीवर पाणी पिणंच कमी केलं. कायदेशीर मदतीसाठी आमच्या गटाकडे आला तेव्हा लघवीच्या जंतुसंसर्गाचं औषध चालू होतं, आणि चाचणी त्याने स्वतःच, त्याच लॅबमध्ये केली होती.

सप्टेंबरअखेरीस प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. नोव्हेंबरच्या मध्यावर एचआर मॅडमनी बोलावून सांगितलं, “कागद आणि माणूस जुळत नाही. तपासणीला अडचण येईल. तू कागद नीट करून घे, मग बघू.” संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल आला. त्यात कागदांचा उल्लेखही नव्हता. ‘प्रोबेशन काळातील काम समाधानकारक नसल्याने’ सेवा थांबवत आहोत, एवढंच.

मॅडमचं बोलणं अगदीच खोटं होतं असं नाही, हे मान्य केलं पाहिजे. टेक्निशियनच्या डिप्लोम्यावर एक नाव आणि ड्युटी चार्टवर दुसरं असेल, तर तपासायला आलेला माणूस विचारणारच. पण त्यावर उपाय होता. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातला नावबदल आणि ते होईपर्यंत दोन्ही नावांची फाइलमध्ये नोंद, एवढ्याने काम भागलं असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या दोन टेक्निशियन त्याच लॅबमध्ये होत्या. त्यांच्या फाइलीत विवाह नोंदणीचा दाखला लावला आणि विषय मिटला. तेजसला मात्र कुणी कागद मागितलाच नाही.

कायदा कुठवर येतो

१५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरच्या) निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःचं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. पुढे २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत ट्रान्सपुरुष स्पष्टपणे येतो, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. सरकारी मराठीत या सगळ्यांना सरसकट ‘तृतीयपंथी’ म्हणतात. तेजस त्या शब्दावर दरवेळी अडखळायचा. ‘मी तिसरा नाही, दुसराच आहे,’ हा त्याचा विनोद. काही जण ‘पारलिंगी’ हा शब्द वापरतात, तो त्याला जरा बरा वाटायचा.

कलम ३ आणि ९ प्रमाणे नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे, आणि ‘आस्थापना’ या शब्दात खासगी कंपन्या, फर्मही येतात. कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा. २०२० च्या नियमांप्रमाणे त्याने पंधरा दिवसांत चौकशी करायची आणि अहवाल मिळाल्यावर आस्थापनेच्या प्रमुखाने पुढच्या पंधरा दिवसांत कार्यवाही करायची.

इथवर वाचून तेजस सरसावून बसला. आमच्या वकीलबाईंनी त्याला पुढचं पान दाखवलं. शिक्षेचं कलम १८. त्यात वेठबिगार आहे, सार्वजनिक जागी जाऊ न देणं आहे, घरातून किंवा गावातून हाकलणं आहे, शारीरिक-लैंगिक-मानसिक-आर्थिक छळ आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. नोकरीवरून काढण्याचा त्यात उल्लेख नाही. “भेदभाव करू नका असं कलम ९ सांगतं. केला तर पुढे काय, ते सांगत नाही,” बाई म्हणाल्या. पहिल्या बैठकीतला हा सगळ्यांत उपयोगी मुद्दा होता. त्यानंतरचं सगळं याच पोकळीतून वाट काढत झालं.

समोरचे पर्याय

पोलिसांत तक्रार हा तेजसच्या मित्रांचा आग्रह होता. संडासाच्या किल्लीचा प्रकार छळात बसवता आला असता, पण ताणूनच. शिवाय ठाण्यात गेल्यावर ‘तुम्ही नक्की कोण’ इथूनच सुरुवात होणार, आणि हातात ओळखीचा एकही कागद नाही.

उच्च न्यायालयाचा विचार दोन कारणांनी मनात आला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये एका ट्रान्सस्त्रीचा ग्रामपंचायतीच्या महिला जागेसाठीचा अर्ज फेटाळला गेला होता. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो स्वीकारायला लावला आणि ती निवडूनही आली. आणि आमच्या बैठका चालू असतानाच, डिसेंबर २०२२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे राज्य सरकारने पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय द्यायचं कबूल केलं. पण दोन्हीकडे समोर शासन होतं. इथे चौदा माणसांची खासगी लॅब. शिवाय कोल्हापूरचं सर्किट बेंच तेव्हा नव्हतं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. प्रत्येक तारखेला मुंबई, आणि तेही पगार बंद असलेल्या माणसाने.

कामगार कार्यालयात थकलेल्या पगाराचं बोलता आलं असतं. भेदभावाचं तिथे काय झालं असतं, सांगणं कठीण.

उरला कलम ११ चा मार्ग आणि त्याच्या जोडीने कागदपत्रं. पण ट्रान्सजेंडर म्हणून ओळख देणाऱ्या प्रमाणपत्रालाच एक पेच होता. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, राष्ट्रीय पोर्टलवरून करायचा. वैद्यकीय तपासणी नाही, स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं. मात्र अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असला पाहिजे. तेजसला शहरात येऊन आठच महिने झाले होते. आधारवर गावचा पत्ता होता, पण गाव दुसऱ्या जिल्ह्यात, आणि आठ महिने तो तिथे राहत नव्हता. म्हणजे शब्दशः पाहिलं तर तो दोन्ही जिल्ह्यांत बसत नव्हता. गावच्या पत्त्यावरून अर्ज केला असता तर बहुधा कुणी विचारलंही नसतं. पण प्रतिज्ञापत्रात खोटं जाणार होतं, आणि पडताळणीचं एखादं पत्र किंवा फोन थेट आप्पांच्या हातात पडला असता.

काय केलं

पहिल्याच बैठकीत आम्ही एक चूक करत होतो. ‘नोकरी परत मिळवायची’ हे गृहीत धरून आमची कागदं रंगवणं चाललं होतं. तासाभराने तेजसच म्हणाला, “ताई, मला ती किल्ली परत नकोय.” मग विचारलं, काय हवंय? त्याने तीन गोष्टी सांगितल्या. राहिलेला पगार, ‘तेजस’ नावाने अनुभवाचं पत्र, आणि ईमेलमधलं ते ‘काम समाधानकारक नसल्याने’ मागे घेणं. तिसरी गोष्ट त्याला पैशापेक्षा मोठी वाटत होती. चौथी बाईंनी घातली : लॅबने तक्रार अधिकारी नेमावा. पुढच्या माणसासाठी.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लॅबला पत्र गेलं. त्यात ना कलम १८ ची धमकी, ना न्यायालयाची. दोनच प्रश्न. तुमच्याकडे कलम ११ खाली तक्रार अधिकारी कोण आहे? आणि नावातली तफावत मिटवायला तुम्हाला कोणता कागद, किती मुदतीत हवा आहे? पत्र पाठवायच्या आधी यावर आमच्यात बराच वाद झाला. एका सहकाऱ्याला ते फार मिळमिळीत वाटलं. बाईंचं म्हणणं असं, की अडचण खरंच कागदांची असेल तर उत्तर येईल. नसेल तर येणार नाही, आणि ते न येणंच आपल्या हातात पुरावा म्हणून राहील.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र मालक डॉक्टरांच्या नावे गेलं. प्रती जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण सहायक आयुक्तांना. सोबत सप्टेंबरपर्यंतचे लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे कौतुकाचे संदेश, दुसऱ्या दोघींच्या फाइलीबद्दल जे घडलं ते, आणि किल्लीच्या रजिस्टरचा एक फोटो. हा फोटो तेजसने ऑक्टोबरमध्येच काढून ठेवला होता. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. एचआर मॅडम नव्हत्या. डॉक्टर फोटोकडे बराच वेळ बघत बसले. म्हणाले, “हे रजिस्टर मला माहीत नव्हतं.” खरं असेलही. चौदा माणसांच्या जागेत मालकाला रिसेप्शनवरचं रजिस्टर दिसत नाही, यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. पण तेव्हा ते ताणण्यात काही अर्थ नव्हता.

दरम्यान डिसेंबरमध्येच तेजसचा नावबदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात झाला होता. त्यामुळे अनुभवपत्र कोणत्या नावाने द्यायचं, हा प्रश्न केबिनमध्ये दोन मिनिटांत सुटला.

प्रमाणपत्रासाठी मार्चपर्यंत थांबायचं ठरलं. खोलीच्या मालकीणकाकूंनी भाडेकरार लिहून द्यायला आधी काचकूच केली (“घरपट्टी वाढते म्हणतात”), मग दिला. मार्चअखेर बारा महिने भरले आणि अर्ज गेला. नियमात तीस दिवस, लागले जवळपास साठ. मध्ये एकदा समाजकल्याणच्या भाऊसाहेबांचा फोन आला, “मेडिकल आणा.” नियमाची प्रत नेऊन दाखवल्यावर ते म्हणाले, “मग ठीक आहे, मला काय.” मेअखेरीस प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळालं.

आणि मग दुसरा कागद

त्या ओळखपत्रावर लिंग : ट्रान्सजेंडर. तेजसने ते हातात घेतलं, आनंदही झाला, आणि मग म्हणाला, “म्हणजे आता प्रत्येक नवीन नोकरीत पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगायचं.”

हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. संरक्षण द्यायला आलेला कागदच गुपित फोडतो. एखाद्याला ‘ट्रान्सजेंडर’ हीच ओळख अभिमानाची वाटते, तिथे प्रश्न नाही. तेजसला ‘पुरुष’ हवं होतं. ‘नालसा’च्या तत्त्वाप्रमाणे ते त्याने म्हणताच मिळायला हवं. कायद्याच्या कलम ७ प्रमाणे मात्र स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह वेगळा अर्ज करावा लागतो.

जून २०२३ मध्ये कार्यालयात विचारलं. उत्तर : “ऑपरेशन झालंय का? नाही? मग नाही होत.” कायद्याच्या कलमातही शब्द शस्त्रक्रियेचाच असल्याने मीही ते मान्य करून परत आले. ही या प्रकरणातली माझी सरळ चूक. २०२० च्या नियमांत ‘वैद्यकीय हस्तक्षेप’ याची व्याख्या आहे आणि तिच्यात समुपदेशन, संप्रेरक उपचार आणि, असल्यास, शस्त्रक्रिया असं सगळं येतं. तेजस दोन वर्षं टेस्टोस्टेरॉन घेत होता. ती ओळ मी वाचलीही होती, पण वेळेवर आठवली नाही. शिवाय त्या तोंडी नकाराला तारीख नव्हती. अपिलाला नव्वद दिवस मिळतात, पण कोणत्या दिवसापासून मोजायचे?

जानेवारी २०२४ मध्ये अर्ज रीतसर भरला. उपचार चालू असलेल्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं प्रमाणपत्र जोडलं, नियमातली व्याख्या जशीच्या तशी उद्धृत केली आणि खाली लिहिलं, नकार असल्यास कारणांसह लेखी द्यावा. मार्चमध्ये एका ओळीचा लेखी नकार आला. वाईट वाटण्याऐवजी बाई खूश झाल्या, कारण आता तारीख होती. अपील मुदतीत दाखल झालं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्त प्रमाणपत्र हातात पडलं. लिंग : पुरुष.

निष्पत्ती

लॅबकडून दीड महिन्याचा पगार मिळाला. अनुभवपत्र मिळालं. ईमेल ‘मागे’ घेतला गेला नाही. त्याऐवजी अनुभवपत्रात ‘काम समाधानकारक’ असं लिहून आलं, म्हणजे एकाच आस्थापनेचे एकमेकांना खोडणारे दोन कागद तेजसकडे आहेत. तक्रार अधिकारी म्हणून एचआर मॅडमचीच नेमणूक झाली. तेजस हे सांगताना अजून हसतो. त्यांनी दिलगिरी कधीच व्यक्त केली नाही.

मार्च २०२३ पासून तो त्याच शहरातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहे. तिथे त्याने स्वतःबद्दल एकाच माणसाला सांगितलं आहे. आप्पांशी बोलणं अजून झालेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

किल्लीचा प्रकार सुरू झाला त्याच आठवड्यात तेजसने साधा ईमेल केला असता, ‘मला असं सांगण्यात आलं, मी ते कुणाच्या आदेशाने पाळायचं ते कळवावं’, तर प्रोबेशन वाढवण्याच्या आधीची तारीख मिळाली असती. तो म्हणतो, तेव्हा वाटलं गप्प राहिलो तर टिकून राहू. या विचाराला चूक म्हणणं मला जमत नाही. प्रोबेशनवरचा कुठला माणूस लेखी तक्रार करतो?

राजपत्राची घाई आम्ही केली. त्यात जुनं आणि नवीन नाव शेजारी शेजारी छापून येतं आणि ते कायमचं राहतं. अनुभवपत्रासाठी ते उपयोगी पडलं हे खरं, पण निर्णय घेण्याआधी तेजसला हे नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित तो थांबला असता.

बारा महिने भरेपर्यंत थांबणं बरोबर होतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. बाई म्हणतात, खोट्या प्रतिज्ञापत्रावर उभं राहिलेलं ओळखपत्र कधीतरी अंगलट येतं. माझं म्हणणं, निदान शहरातल्या कार्यालयाला लेखी विचारायला हवं होतं की अशा माणसाने अर्ज कुठे करायचा. कामासाठी जिल्हा बदलणारा तेजस एकटा नाही.

आणि न्यायालयाचा मार्ग आम्ही तेव्हा सोडून दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रान्सस्त्री शिक्षिकेला नुकसानभरपाई दिली. तिला उत्तर प्रदेशातल्या एका खासगी शाळेने काढलं होतं आणि गुजरातमधल्या दुसरीने रुजूच करून घेतलं नव्हतं. रोजगाराच्या समान संधीचं धोरण आखायला न्यायालयाने न्या. आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. तो निकाल २०२२ मध्ये हाताशी असता तर पहिलं पत्र इतकं मवाळ गेलं नसतं. तेजसला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मग काय, परत भांडायचं का ताई?” आणि लगेच, “नको. ड्युटी आहे.”

दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि डिप्लोमा अजून जुन्या नावाचेच आहेत. नवीन नोकरीत रुजू होताना त्याने एक प्लॅस्टिकची फाइल नेली होती, तीच तो आजही अद्ययावत ठेवतो. सगळ्यांत वर राजपत्राचं पान, मग दुरुस्त प्रमाणपत्र, आधार, पॅन, आणि खाली गुणपत्रकं. गुणपत्रकांना त्याने स्टेपल केलेली एक चिठ्ठी आहे, स्वतःच्या अक्षरात : ‘वरील राजपत्र पाहावे.’